अर्थावाचून पाठ केलेले शब्द

फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा २०१५ च्या जुलैमध्ये बेल्जियममध्ये झाली आणि ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌स यांनी जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नाही. स्पर्धेआधीचे जेमतेम नऊ आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दांची अधिकृत यादी पाठ करण्यात घालवले होते. पुढे २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनाडा इथे स्पॅनिश स्क्रॅबलचं विजेतेपदही त्यांनीच मिळवलं. स्पॅनिशही त्यांना येत नाही. असं काही कानावर आलं की आपण एक तर अलौकिक स्मरणशक्तीला हात जोडतो, नाही तर ‘शेवटी घोकंपट्टीच’ म्हणून विषय सोडून देतो. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. या खेळाडूंनी शब्दांचे अर्थ बाजूला ठेवले हे खरं, पण समज बाजूला ठेवलेली नाही. शब्दाची घडण नावाची एक वेगळीच गोष्ट ते खोलवर शिकलेले असतात, आणि ती केवळ घोकून हाती लागत नाही.

मुळात खेळ काय मागतो ते पाहू. अमेरिकेतले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार असताना हा खेळ रचला. वर्तमानपत्रांत कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून त्यांनी सोंगट्यांची संख्या आणि अक्षरांचे गुण ठरवले. पंधरा बाय पंधरा घरांचा पट, शंभर सोंगट्या, प्रत्येकाच्या हातात एका वेळी सात. सातही एकाच खेळीत लावल्या तर पन्नास गुण जादा. इंग्रजी जागतिक स्पर्धेत चालणाऱ्या ‘कॉलिन्स’ यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत. रोटी, धोती, लाख, बंद, घेराव हे आपले शब्दही रोमन वेशात तिथे आहेत. म्हणजे खेळाडूसमोर येतो तो शब्द नव्हे, विस्कटलेली सात अक्षरं. आणि ठरावीक वेळात त्यांतून शब्द उभा करायचा असतो. इथे भाषेचं ज्ञान अपुरं पडतं, कारण आपल्या डोक्यात शब्द अर्थाच्या, वापराच्या, आवाजाच्या नात्याने लावलेले असतात. गाण्याच्या भेंड्यांत नेमकं हेच होतं: शेकडो गाणी तोंडपाठ असलेली माणसं ‘ठ’ आला की गप्प बसतात. गाणी आठवणीत असतात, पण त्यांना पहिल्या अक्षरावरून हाक मारायची सवय नसते.

स्पर्धक हीच सवय मेहनतीने तयार करतात. त्यासाठीची युक्ती साधी आणि फार हुशारीची आहे. शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने मांडायची आणि ती मांडणी पाहून शब्द सांगायचा. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं दिसली की ‘रिटेन्स’, ‘नॅस्टिअर’, ‘स्टेनर’ असे अनेक शब्द एकदम समोर यायला हवेत. हातातल्या सोंगट्याही वर्णक्रमाने लावता येतात, त्यामुळे सरावातला प्रश्न आणि पटावरचा प्रश्न एकच होतो. शब्द कुठल्या क्रमाने शिकायचे, यालाही हिशोब असतो. आधी दोन अक्षरी शब्द, जे ‘कॉलिन्स’च्या २०१९ च्या आवृत्तीत १२७ आहेत आणि ज्यांच्यावाचून पटावर समांतर शब्द लावताच येत नाहीत. मग क्यू, झेड, जे यांसारख्या अवघड अक्षरांची सोय लावणारे छोटे शब्द. मग पटावर येण्याची शक्यता ज्यांची जास्त, असे सात आणि आठ अक्षरी शब्द. दुर्मीळ अक्षरांचे दिमाखदार लांब शब्द नवशिक्याला भुरळ घालतात, पण जाणकार ते मागे ठेवतात.

उजळणीची रीतही यादी पुन्हापुन्हा वाचण्याची नाही. ‘झिझिव्हा’ नावाची संगणक प्रणाली खेळाडूला अक्षरं दाखवते आणि उत्तर मागते. चुकलेला शब्द लवकर परत येतो, बरोबर आलेला दिवसेंदिवस लांबणीवर पडतो. विस्मरण कसं होतं हे हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून १८८५ मध्ये मांडलं होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. पाच मिनिटांनी पाहिलं तर मात्र वाचणारेच पुढे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी आपल्याला का फसवते, ते या एका निष्कर्षात आलं.

हे सगळं रिचर्ड्‌स यांच्यासारख्या एकट्याच्या देणगीचं फळ आहे, असा आक्षेप येईल. त्यांची देणगी नाकारण्यात अर्थ नाही. इतका वेग दुसऱ्या कोणात दिसलेला नाही. पण थायलंडचे पानुपोल सुज्जयाकोर्न २००३ मध्ये आणि पाकोर्न नेमित्रमान्सुक २००९ मध्ये इंग्रजीचे जगज्जेते झाले. जिथे इंग्रजी घरात बोलली जात नाही अशा देशातून दोन विजेते निघतात, तेव्हा देणगीइतकंच श्रेय पद्धतीला द्यावं लागतं. २०१५ चे इंग्रजी विजेते, नायजेरियाचे वेलिंग्टन जिगेरे यांच्या संघाने तर पाच अक्षरी शब्दांवर मुद्दाम भर दिला होता, कारण लांब शब्द प्रतिस्पर्ध्यालाही पट मोकळा करून देतात. प्रयोगांचा कौलही याच दिशेचा आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळलं, की स्पर्धक खेळाडू शब्द ओळखताना अर्थावर इतरांपेक्षा कमी विसंबतात, आणि उभे लिहिलेले शब्द त्यांना कमी अडवतात. सरावाने त्यांची नजरच बदललेली असते.

जुना आक्षेप मात्र जास्त वजनाचा आहे. यास्काच्या निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. तरीही त्याच परंपरेने जटापाठ आणि घनपाठ घडवले. त्यांत मंत्रातले शब्द पुढेमागे, उलटसुलट फिरवून म्हटले जातात, आणि एखादा शब्द गळला किंवा बदलला तर तो लगेच उघडा पडतो. घनपाठी वैदिकाचं पाठांतर अर्थावर उभं नसलं तरी रचनेचं भान त्यात पुरेपूर असतं. यास्काचा दोष तिथे लागू होतो, जिथे पाठांतराचं काम अर्थ समजवण्याचं असतं. इतिहासाच्या उत्तरात वाक्य हुबेहूब उतरवणारा मुलगा तिथे हरतो, कारण त्याच्याकडून वेगळंच काही हवं होतं. स्क्रॅबल अर्थ विचारतच नाही. अमेरिकेतल्या स्पेलिंग बीचं तसं नाही. तिथे भारतीय वंशाची मुलं वर्षानुवर्षं जिंकत आली आहेत. त्यांना शब्द कोणत्या भाषेतून आला हे विचारता येतं, त्यावरून स्पेलिंगचा अंदाज बांधता येतो, आणि २०१३ पासून अर्थाचेही प्रश्न असतात.

या पाठांतराची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. असे शब्द पाठ करून कुणाचं गद्य सुधारत नाही, की बोलणं समृद्ध होत नाही. कॅलगरीच्याच पुढच्या प्रयोगात खेळाडूंचं कौशल्य अक्षरांऐवजी चिन्हं दिल्यावर कामाला आलं नाही. मुलांची बुद्धी वाढेल म्हणून त्यांना शब्दयाद्या देणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. खेळ आवडत असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे.

अर्थ बाजूला ठेवण्याचा हा युक्तिवाद कुठवर न्यावा, हा प्रश्न २०२१ मध्ये उभा राहिला. अमेरिका आणि कॅनडाबाहेर स्क्रॅबलचे हक्क ज्या मॅटेल कंपनीकडे आहेत, तिने वंश, लिंग, धर्म यांवरून माणसांना हिणवणारे सुमारे चारशे शब्द यादीतून काढायला लावले. अनेक खेळाडू संतापले. पटावर शब्दाला अर्थ नसतो, तिथे तो केवळ गुण मिळवण्याचं साधन असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्मरणाच्या दृष्टीने ते बरोबर होते, हे वर आलंच आहे. तरी मला कंपनीचा निर्णय योग्य वाटतो. पाठ करणारा एकटा असतो, पण खेळताना समोर दुसरं माणूस बसलेलं असतं, आणि ज्याला तो शब्द आयुष्यभर ऐकावा लागला आहे त्याला पटावर तो अर्थावाचून दिसत नाही.