नाशिकची थंडी आणि बंद खोलीतला धोका

हिवाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत नाशिक जिल्ह्यातील निफाडचे नाव हटकून येते. तेथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार, मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली गेले, तर तिला थंडीची लाट म्हणतात. मात्र ही थंडी दिवसभराची नसते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की जमिनीने दिवसा साठवलेली उष्णता रात्री विनाअडथळा अवकाशात निघून जाते, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली असतो आणि दुपारी मात्र ऊन चटकते.

म्हणूनच घर उबदार ठेवण्याची तयारी संध्याकाळच्या आत व्हावी लागते. जुन्या नाशकातील वाड्यांच्या जाड भिंती दिवसाची उष्णता रात्री सावकाश सोडत आणि मधल्या माजघराला बाहेरचा वारा फारसा लागत नसे. आजच्या फ्लॅटमध्ये ते काम उन्हाच्या बाजूच्या खिडक्या दुपारी उघडून, सूर्य कलताच त्या लावून आणि जाड पडदे ओढून करावे लागते. गार फरशी अंगातली उष्णता ओढून घेते. त्यामुळे खाली अंथरलेली गोधडी पांघरलेल्या गोधडीइतकीच महत्त्वाची ठरते, कारण जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब राखते. बाजरीची भाकरी आणि तीळगूळ हवेतच, पण त्यांच्या भरवशावर उघडी खिडकी परवडत नाही.

द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. उघड्यावर चालणारा हा उपाय घरात आणला की जिवावर बेततो, कारण कोळशाची शेगडी धुमसताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू बाहेर पडतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे सर्दी-पडशासारखी वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तर सावध होण्याची संधीच मिळत नाही. न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझरही, झरोका बंद असल्यास, तितकाच घातक असतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच खरा उपाय आहे.

खुद्द थंडीचा धोका वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना अधिक असतो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्यास त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. थरथर थांबणे, बोलणे अडखळणे आणि हातपाय गार पडणे ही त्याची चिन्हे असून, अशा व्यक्तीचे ओले कपडे बदलून, छाती व पोट कोरड्या पांघरुणात गुंडाळून तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. हातपाय चोळणे किंवा कढत पाण्यात बुडवणे टाळावे.