प्राप्तिकराचा परतावा : तो का रेंगाळतो, का अडतो आणि का वळता होतो

यरीहो नगरीत जक्कय नावाचा एक मुख्य जकातदार होता. कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास त्यास चौपट परत करीन, असे त्याने प्रभूसमक्ष कबूल केले, ही कथा लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात आमच्या विद्यार्थ्यांनी वाचलेली आहेच. आजच्या सरकारचा हात इतका सढळ नाही; तथापि वाजवीपेक्षा अधिक घेतलेला कर परत करण्याचे बंधन त्याच्यावरही आहे, आणि तेही कोणाच्या पश्चात्तापावर सोडलेले नसून कायद्याने घातलेले आहे. दरसाल आषाढ-श्रावणाच्या सुमारास विवरणपत्रे भरून झाली म्हणजे घरोघरी वडील मंडळींच्या तोंडी 'रिफंड आला का?' हा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचा उलगडा मुलांस व त्यांच्या पालकांस व्हावा, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम परतावा उत्पन्न कसा होतो ते पाहू. नोकरदाराच्या पगारातून मालक दरमहा कर कापून सरकारात भरतो; ठेवीच्या व्याजातून बँकही कापते. ही कापणी अंदाजाने होते. वर्ष संपल्यावर खरा हिशेब मांडला म्हणजे कधी थोडे देणे निघते, कधी येणे निघते. समजा, एका शिक्षकाचा ६०,००० रुपये कर कापला गेला. परंतु विम्याच्या व भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या कचेरीत वेळेवर न पोचल्यामुळे ही कापणी जास्त झाली होती, आणि वास्तविक कर ४५,००० रुपयेच होता. उरलेले १५,००० रुपये हा परतावा होय. ते पैसे शिक्षकाचेच आहेत. परतावा मिळणे म्हणजे सरकारने बक्षीस दिले, अशी जी समजूत पुष्कळांची दिसते, ती सोडल्यावाचून पुढील गोष्टी नीट कळावयाच्या नाहीत; कारण बक्षिसाचा जाब कोणी विचारीत नाही, आपल्या पैशाचा विचारता येतो.

परतावा हाती न येण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत : तो रेंगाळतो, तो रोखून धरला जातो, किंवा जुन्या थकबाकीत वळता करून घेतला जातो. लोक तिन्हींना मिळून 'अडकला' असे एकच नाव देतात. परंतु तिन्हींची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे आहेत.

रेंगाळण्याची कारणे बहुधा साधी असतात. विवरणपत्र पाठविले, पण त्याची पडताळणी करावयाची राहिली, तर ते पाठविलेच नाही असे समजतात. १ ऑगस्ट २०२२ पासून या पडताळणीस ३० दिवसांची मुदत आहे. पूर्वी ती १२० दिवस होती. १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ बँकेच्या खात्यात, आणि तेही पॅनशी जोडलेल्या व आगाऊ तपासून घेतलेल्या खात्यातच, जमा होतो. येथे एक गमतीची अडचण आहे. २०१९ साली देना बँक ही बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, व २०२० साली आणखी कित्येक बँका एकमेकींत मिसळल्या. त्यांच्या शाखांचे संकेतांक बदलले, पण खातेदाराने भरलेला अंक जुनाच राहिला, तर पैसे दारापर्यंत येऊन परत फिरावेत यात नवल नाही. पॅन व आधार यांची जोडणी न केल्यास १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय होते, आणि ते तसे असेपर्यंत परतावाही नाही व त्या काळाचे व्याजही नाही. या गोष्टी आपल्याच हाती असल्यामुळे त्यांबद्दल सरकारास बोल लावण्यात अर्थ नाही. विवरणपत्रे तपासण्याचे काम बंगळूर येथील केंद्रात यंत्रांच्या साहाय्याने होते. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यापासून ९ महिन्यांपर्यंत त्या केंद्रास मुदत आहे. म्हणजे जुलै २०२५ मध्ये भरलेल्या पत्रास ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. बहुतेकांचे काम याच्या पुष्कळ आधी होते. परंतु शेजाऱ्याचा परतावा आला व आपला आला नाही, एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

रोखून धरणे ही याहून गंभीर गोष्ट होय. करदात्याच्या हिशेबाची चौकशी चालू असेल, आणि आज पैसे दिल्यास पुढे निघणारा कर वसूल होणे कठीण जाईल असे अधिकाऱ्यास वाटले, तर तो परतावा थांबवू शकतो. मात्र त्याने आपली कारणे लेखी नोंदविली पाहिजेत व आयुक्ताची पूर्वसंमती घेतली पाहिजे. ही तरतूद १९६१ च्या कायद्याच्या २४१-अ या कलमात होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २४५ व्या कलमात गेली. पुढे २०२४ च्या दुरुस्तीने आकारणी पूर्ण झाल्यावर आणखी ६० दिवसांपर्यंत पैसे थांबविण्याची मुभा मिळाली. ही वाढ आम्हांस फारशी रुचत नाही; तथापि ज्यांनी खोट्या देणग्या वा खोटे घरभाडे दाखविले असेल, त्यांची कीव करण्याचेही आम्हांस कारण दिसत नाही.

आता वळतीकडे येऊ. कारण प्रामाणिक माणसांस खरा त्रास होतो तो येथेच. २४५ व्या कलमान्वये सरकार या वर्षीच्या परताव्यातून मागील वर्षाची थकबाकी कापून घेऊ शकते. वाण्याच्या वहीतील येणे-देणे जसे एकात एक वळते करतात, तसेच हे, आणि तत्त्वतः त्यात गैर काही नाही. प्रश्न असा की, ती थकबाकी खरी आहे की नाही? आमच्या उदाहरणातील शिक्षकाच्या नावावर १५ वर्षांपूर्वीची ८,००० रुपयांची मागणी उभी आहे असे समजा. त्या वर्षी मालकाने कर कापला खरा, पण सरकारास पाठविलेल्या याद्यांत पॅनचा एक अंक चुकविला. त्यामुळे तो कर शिक्षकाच्या नावे जमा झाला नाही, आणि यंत्राने तो येणे म्हणून दाखविला. मागणीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले. शिक्षकास यातले काहीच ठाऊक नाही. वास्तविक ज्या रकमेचा कर कापला गेला आहे, तो करदात्याकडे पुन्हा मागता येत नाही, असे त्याच कायद्याच्या २०५ व्या कलमात आहे. परंतु यंत्रास कलम दाखवावे लागते, ते आपण होऊन शोधीत नाही.

एका सनदी लेखापालाने अशा गाऱ्हाण्यांविषयी लिहिलेल्या पत्राची दखल दिल्लीच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन घेतली, आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला की, वळते करण्यापूर्वी करदात्यास लेखी कळविले पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकून त्याचा विचार केला पाहिजे. या जुन्या मागण्यांचा पसारा केवढा होता, ते १ फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकी भाषणात अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनीच सांगितले. कित्येक मागण्या १९६२ सालापासूनच्या होत्या आणि त्यांच्यामुळे पुढील वर्षांचे परतावे अडत होते. तेव्हा २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या व २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या काढून टाकण्याचे ठरले. एका करदात्यामागे एकंदर मर्यादा १ लाख रुपयांची ठेविली. याचा लाभ सुमारे १ कोटी लोकांस होईल असा अंदाज त्यांनी दिला होता.

म्हणून वळतीची सूचना आल्यास गप्प बसू नये. दिलेल्या मुदतीत उत्तर न गेले, तर ती मागणी मान्य आहे असे धरून पैसे कापले जातात. विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून 'थकीत मागणीस उत्तर' या ठिकाणी मागणी मान्य, अथवा अमान्य, असे कळविता येते. अमान्य असल्यास भरणा केल्याचे चलन, मालकाने दिलेला फॉर्म १६, किंवा पूर्वीच्या दुरुस्तीचा हुकूम जोडावा. मूळ आकारणीतच चूक असेल तर १५४ व्या कलमाखाली दुरुस्तीचा अर्ज करावा. त्यास तो हुकूम ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यापासून ४ वर्षांची मुदत आहे. याकरिता जुने फॉर्म १६ रद्दीत न घालता एका फाइलीत वर्षवार लावून ठेवणे बरे. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींस सहज करता येण्याजोगे आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे अंकगणिताच्या पुष्कळ उदाहरणांपेक्षा ते अधिक शिकविणारे आहे.

२०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला व त्याच्या अमलास १ एप्रिल २०२६ हा दिवस नेमिला गेला. त्यात कलमांचे अंक बदलले आहेत. मागील वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालावयाची असल्यामुळे वरील अंक दिले आहेत.

परताव्याच्या नावाने ठकवणूक करणारेही पुष्कळ झाले आहेत. 'आपला परतावा मंजूर झाला, येथे खाते क्रमांक भरा' असे संदेश भ्रमणध्वनीवर येतात. प्राप्तिकर विभाग अशा रीतीने गुप्त अंक कधीही विचारीत नाही. असा संदेश उघडूच नये.

राहता राहिले व्याज. विवरणपत्र वेळेवर भरले असेल, तर २४४-अ कलमाप्रमाणे आकारणी वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. महिन्याचा अंशही पुरा महिना धरतात. परतावा एकूण कराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असल्यास मात्र व्याज नाही. आमच्या शिक्षकास १५,००० रुपये नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाले असते, तर ८ महिन्यांचे ६०० रुपये व्याज झाले असते. पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीस काही रकमा मिळण्यास १२ ते १७ वर्षे लागली होती. तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एवढ्या दिरंगाईची भरपाई सरकारकडून देवविली. पुढे २०१३ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्यात सांगितले तेवढेच व्याज मिळावयाचे, व्याजावर व्याज नाही. हे व्याज हाती आले म्हणजे ते त्या वर्षाचे उत्पन्न समजले जाते, सबब पुढील विवरणपत्रात ते दाखवावे लागते व त्यावरही कर आहे.