छत्री उघडली, पुढे काय?

परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींचा रविवारचा फोन हा आता अनेक मराठी घरांतला नित्याचा प्रसंग झाला आहे. हवा, जेवणखाण, घरभाडे असे विषय संपत आले की एखाद्या रविवारी पलीकडून अगदी सहज स्वरात सांगितले जाते, "आई, मी स्कायडायव्हिंग शिकतोय. आठ उड्या झाल्या." त्या क्षणी आपल्या तोंडून जो प्रश्न बाहेर पडतो, तो बहुधा एकच असतो : "अरे, आणि छत्री उघडली नाही तर?"

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो जुन्या काळाचा आहे. अमेरिकेत या खेळाचे नियमन करणारी 'युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन' ही संघटना दरवर्षीच्या अपघातांची नोंद ठेवते. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक मृत्यू होत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू झाले दहा. ही घट आपोआप झालेली नाही. छत्री उघडत नाही या एका संकटाभोवती गेल्या पन्नास वर्षांत अभियंत्यांनी आणि शिक्षकांनी एकामागून एक कुंपणे घातली, तिचे ते फळ आहे. मात्र याच काळात धोक्याने आपली जागा बदलली. आज या खेळातील दुखापतींचा फार मोठा भाग, आणि मृत्यूंचाही लक्षणीय भाग, व्यवस्थित उघडलेल्या, कोठेही न फाटलेल्या छत्रीखाली घडतो. तोही जमिनीपासून शेवटच्या तीनचारशे फुटांत. म्हणून फोनवर विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे : "तुझी छत्री केवढी आहे?"

तो का विचारायचा, हे कळण्यासाठी आधी ही कुंपणे थोडक्यात पाहू. पाठीवरच्या पिशवीत छत्र्या एक नव्हे, दोन असतात. मुख्य छत्री उडी मारणारा स्वतः घडी करू शकतो. राखीव छत्रीची घडी मात्र परवानाधारक रिगरच करतो, आणि अमेरिकेतील नियमानुसार दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा घडी करावी लागते. मुख्य छत्री गुंतली तर ती आधी तोडून टाकायची आणि मग राखीव उघडायची, असा क्रम असतो. उजव्या बाजूची मूठ पहिल्या कामासाठी, डाव्या बाजूची दुसऱ्यासाठी. मुख्य छत्री एका ओढीत खांद्यांपासून सुटावी यासाठी तीन कड्यांची जी साधी आणि विलक्षण युक्ती वापरली जाते, ती बिल बूथ या अमेरिकी संशोधकाची. छत्री तोडताच राखीव आपोआप ओढली जावी म्हणून एक जोडपट्टा असतो. आणि माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचे भानच हरपून बसला, तर ठरलेल्या उंचीवर पडण्याचा वेग मोजून राखीव छत्री उघडणारे एक छोटे यंत्रही असते. हेल्मुट क्लोथ या जर्मन अभियंत्याने तयार केलेले 'सायप्रेस' हे असे यंत्र १९९१ मध्ये बाजारात आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले. नवशिक्याच्या पिशवीत असे यंत्र असलेच पाहिजे. मात्र त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. अनियंत्रित पडणाऱ्या माणसासाठी ते आहे. उघड्या छत्रीखाली माणूस चुकीचे वळण घेतो, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते.

याच बिल बूथ यांचे एक निरीक्षण या खेळात सर्वतोमुखी आहे. साधने जसजशी सुरक्षित होतात, तसतशी माणसे अधिक धोका पत्करतात आणि हिशेब जिथल्या तिथे आणून ठेवतात, अशा आशयाचे ते आहे. छत्रीच्या आकाराच्या बाबतीत हे तंतोतंत खरे ठरते.

'छत्री' हा शब्द आपण सवयीने वापरतो, परंतु आजचे पॅराशूट हे कापडाचा पंख असते. शेजारी शेजारी शिवलेल्या नळ्यांत समोरून वारा भरतो, पंखाला आकार येतो आणि तो खाली येता येता पुढेही जातो. विद्यार्थ्यांची मोठी, संथ छत्रीसुद्धा ताशी तीसएक किलोमीटर वेगाने पुढे सरकत असते. पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने खाली लोंबकळणारे वजन जितके जास्त, तितका वेग जास्त. हे मोजण्याची रीत सोपी आहे. माणूस आणि साधने यांचे एकूण वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचे. समजा, मुलाचे वजन ७५ किलो आहे आणि साधनांचे १२ किलो. एकूण ८७ किलो, म्हणजे सुमारे १९२ पौंड. शिकताना त्याला २८० चौरस फुटांची छत्री दिली असेल, तर उत्तर येते ०.७ च्या आसपास. १९० चौरस फुटांच्या छत्रीवर ते १ होते आणि १५० च्या छत्रीवर जवळजवळ १.३. नवशिक्याने १ हा आकडा ओलांडू नये, हा सर्वत्र मानला जाणारा सल्ला आहे. हे अपूर्णांक कागदावर क्षुल्लक दिसतात. जमिनीजवळ मात्र चालवायला शिकताना घेतलेली जुनी सायकल आणि उतारावर सोडलेली मोटारसायकल यांत जेवढे अंतर आहे, तेवढे या दोन टोकांत असते.

सडपातळ मुलींच्या बाबतीत एक वेगळी गफलत होते. पन्नास किलो वजनाच्या मुलीला १३५ चौरस फुटांच्या छत्रीवरही उत्तर १ च्या आसपास येईल आणि हिशेब बरोबर वाटेल. परंतु छत्री लहान झाली की तिच्या दोऱ्याही आखूड होतात आणि ती अधिक चपळाईने वळते. सारख्याच आकड्याची मोठी छत्री तेवढी चपळ नसते. म्हणून हलक्या माणसाने केवळ भागाकारावर विसंबू नये, एक पायरी मोठीच छत्री घ्यावी.

आता ते चुकीचे वळण. छत्रीच्या मागच्या कडांशी जोडलेल्या दोन मुठी हातांत असतात. त्यांना टॉगल म्हणतात. एक ओढली की छत्री त्या बाजूला कलते आणि वळते. कलताना तिचा वर उचलण्याचा जोर तिरपा होतो, ती डुबकी घेते आणि माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो. हजार फुटांवर याचे काहीच वाटत नाही, कारण काही क्षणांत छत्री पुन्हा सरळ होते. शंभर फुटांवर तो अवधी उरलेला नसतो. नवशिका शेवटच्या क्षणी कुंपण, झाड किंवा दुसरा माणूस पाहतो, किंवा आपण वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून नाही हे त्याला उमगते. तो घाबरून एक मूठ खसकन ओढतो आणि डुबकीच्या पूर्ण वेगानिशी जमिनीवर आदळतो. घोटा, नडगी, मांडीचे हाड, कमरेचे मणके ही या अपघाताची ठरलेली ठिकाणे. वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याबरोबर सरळ उतरले असते तर फार झाले तर लोळण घ्यावी लागली असती. म्हणून चांगला शिक्षक एक क्रम घोटून घेतो. सर्वांत आधी पंख समतल ठेवायचा, मग अडथळा टाळायचा, मग दोन्ही मुठी एकदम खाली ओढून वेग मारायचा आणि पाय-गुडघे जुळवून लोळण घ्यायला तयार राहायचे. वाऱ्याच्या दिशेला तोंड करण्याची इच्छा या यादीत वरच्या जागी नाही, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते.

वेग मारण्याची ती ओढ दहाबारा फुटांवर करावी लागते, आणि इथे डोळे फसवतात. माणूस खाली पायांकडे पाहत राहिला तर जमीन अंगावर धावून येते आहे असे वाटून तो फार लवकर ओढतो. घाबरून मुठी पुन्हा सोडल्या तर छत्री पुढे झेपावते. नजर समोर, क्षितिजाच्या थोडी खाली ठेवावी. हात पुढे टेकवून पडण्याची आपली उपजत सवयही मोडावी लागते. मनगटे त्यातच मोडतात.

शिक्षणाच्या पद्धतीविषयी थोडे. शिक्षकाच्या छातीला बांधून घेऊन मारलेली 'टॅन्डम' उडी हा एक अनुभव आहे. पण तेवढ्याने माणूस स्वतंत्रपणे उडी मारायला तयार होत नाही. स्वतःची छत्री घेऊन शिकण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत पहिल्या दिवशी सहासात तासांचे जमिनीवरचे शिक्षण होते. मग पहिल्या काही उड्यांत दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी धरून बरोबर पडतात. सुमारे तेरा हजार फुटांवरून उडी, ताशी जवळपास दोनशे किलोमीटरचा वेग, साडेपाच-पाच हजार फुटांवर छत्री. हे सगळे पाऊण मिनिटात संपते. उघड्या छत्रीखालचा प्रवास त्यानंतर पाचेक मिनिटे चालतो. गंमत अशी की विद्यार्थ्याचे सारे लक्ष त्या पाऊण मिनिटावर असते. हवेच्या बोगद्यात पैसे मोजून शरीराची ठेवण पक्की करणारेही पुष्कळ, आणि ते चांगलेच आहे; पण बोगद्यात उतरणे शिकता येत नाही. अमेरिकेतील पहिला परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो. छत्री नीट नसेल तर २,५०० फुटांवर तोडण्याचा निर्णय झालेला असलाच पाहिजे, हा विद्यार्थ्याचा आणि या पहिल्या परवान्याच्या माणसाचा नियम आहे. परवाना हाती आल्यावर निव्वळ छत्री चालवण्याचा स्वतंत्र वर्ग मिळतो. नवी साधने घेण्याआधी त्या वर्गासाठी पैसे बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधने घेण्याची घाई हा तर घरोघरचा विषय. पहिले पंचवीस-तीस उड्यांचे दिवस भाड्याच्या साधनांवर काढणे शहाणपणाचे, कारण या काळात छत्रीचा आकार टप्प्याटप्प्याने बदलत असतो. नंतर जुनी साधने घेण्यात कमीपणा नाही. फक्त पैसे देण्यापूर्वी ती विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या रिगरला दाखवावीत. नायलॉन उन्हाने निबर होते, दोऱ्या वापराने आखडतात आणि कमीजास्त होतात, आपोआप उघडणाऱ्या यंत्राचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते. त्यावरील निर्मितीचे वर्ष पाहावे. पट्टे अंगाला बसतात का, हे अंगावर चढवूनच ठरते. पिशवीचा मापही पाहावा, कारण लहान छत्रीसाठी शिवलेली सुबक पिशवी स्वस्तात मिळते आणि मग तिच्यात मावते म्हणून लहान छत्री घेतली जाते. राखीव छत्रीही पुरेशी मोठी हवी. तिच्यावर उतरायची वेळ येते तेव्हा माणूस दमलेला, बावरलेला आणि बहुधा अनोळखी शेतावर असतो.

हेल्मेट कडक कवचाचे असावे. त्यावर कॅमेरा मात्र नको. किमान दोनशे उड्या होईपर्यंत कॅमेरा लावू नये, ही संघटनेचीच शिफारस आहे. दोरी त्यात अडकू शकते हे एक कारण, आणि चित्रीकरणाच्या नादात उंची विसरली जाते हे दुसरे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीची छायाचित्रे आपण सर्वांनी कौतुकाने पाहिली. त्या उडीमागे शेकडो उड्यांचा अनुभव होता, हे छायाचित्रात दिसत नाही.

प्रकृतीच्या काही गोष्टी अर्जावर खूण करून संपवण्याजोग्या नाहीत. खांदा पूर्वी एकदा जरी निखळला असेल, तरी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. पडताना हात वाऱ्यात पसरलेले असतात, आणि खांदा तिथे पुन्हा निखळला तर मुठीपर्यंत हात पोहोचणार नाही. सर्दी किंवा सायनस भरलेले असताना उडी नको. एका मिनिटात इतके खाली येताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. फिट्स, हृदयविकार, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि आदल्या रात्रीचे मद्य हेही विसरू नये. सुट्टीत समुद्रात स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर निदान चोवीस तास विमानात चढू नये. आणि मुलाकडे गेल्यावर आपणही हौसेने टॅन्डम उडी मारणार असाल, तर उतरताना दोन्ही पाय समोर आडवे उचलून धरावे लागतात, हे घरी खुर्चीत बसून करून पाहावे. कंबर कुरकुरली किंवा हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले असेल, तर खाली उभे राहून फोटो काढावेत.

वाऱ्याचा विषय राहिला. विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरील वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण साडेबावीस किलोमीटर आहे. अनुभवी मंडळी वर जात असताना विद्यार्थ्याला सबंध दिवस बाकावर बसून राहावे लागते, तेही शंभर मैल गाडी चालवून आल्यावर. पुढच्या रविवारी फोनवर "आज एकही उडी नाही झाली, नुसता वाऱ्याकडे बघत बसलो" असे कुरकुरत उत्तर आले, तर पुढे काही न बोलता, जेवलास का, एवढेच विचारावे.