काळे डुक्कर, पांढरे डुक्कर आणि बाबांचे हृदय

मागील पावसाळ्यात धानोऱ्याकडील 74 वर्षांचे एक गृहस्थ मुलगा-सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला होता. तेव्हापासून सुनेने घरात डुकराचे मांस बंद केले. बाबा रुसले, जेवण कमी झाले आणि वजन 6 किलोंनी उतरले. मधला मार्ग म्हणून मुलगा फार्मवरच्या पांढऱ्या डुकराचे मांस आणू लागला, तेही बाबा दूर सारू लागले. "ते पाणचट लागते, डॉक्टरसाहेब. गावच्या काळ्या डुकराची चरबी बाधत नाही. आमच्या वडिलांनी जन्मभर खाल्ली," असे त्यांचे म्हणणे. तिघेही एकमेकांच्या काळजीपोटीच भांडत होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक घरांत लग्नकार्याला, सणावाराला डुकराचे मटण शिजते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. काळ्या आणि पांढऱ्या डुकराच्या चरबीत खरोखर फरक असतो का?

फरक असतो, पण तो कातडीच्या रंगामुळे नव्हे. आपल्या भागात सिकलसेल हा शब्द घरोघरी माहीत आहे. एका जनुकातील एकच अक्षर बदलते आणि रक्तपेशीचा आकार बिघडतो. बदललेले जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस केवळ वाहक राहतो. डुकरांतही असेच एक जनुक आहे. 1991 मध्ये कॅनडातील संशोधकांनी त्यातील अक्षरबदल शोधून काढला. तो दोन्हीकडून आलेले जनावर अंगाने पीळदार असते, चरबीही कमी; मात्र वाहतुकीच्या, कत्तलीच्या ताणाने त्याचे स्नायू तापतात आणि मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारे होते. बेल्जियमच्या पिएत्रँ जातीत हा दोष विशेष आढळत असे. कमी चरबीची जनावरे निवडता निवडता माणसानेच तो नकळत वाढवला.

आणखी दोन उदाहरणे पाहा. 2000 मध्ये भुकेचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकातील फरक लक्षात आला. त्यामुळे काही डुकरे अधिक खातात आणि त्यांच्या पाठीवर चरबीचा जाड थर साचतो. याच जनुकातील दोषांमुळे काही माणसांतही लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा येतो. 2003 मध्ये सापडलेला दुसरा बदल स्नायू वाढवतो आणि चरबी घटवतो, पण तो पित्याकडून आला असेल तरच.

इंग्लंडमधून आलेली लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही पांढरी जात कमी चरबीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. भारतात संकरासाठी तिचाच वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तिच्या स्नायूंमधील बारीक चरबीही कमी असते, त्यामुळे मांस कोरडे, बेचव वाटू शकते. म्हणजे बाबांच्या जिभेची तक्रार अगदीच निराधार नव्हती. देशी डुकरांची अशी निवड झालेली नाही. गोव्याच्या 'अगोंदा गोवन'सारख्या काही देशी जातींना आता अधिकृत नोंदणीही मिळाली आहे. गावभर हिंडणारे देशी डुक्कर रोडके दिसते. त्यालाच बांधून भरपूर कोंडा आणि उरलेसुरले अन्न घातले की ते चरबीच अधिक धरते. रंग ठरवणारी जनुके वेगळी, चरबीची वेगळी. चेहरा पाहून सिकलसेल ओळखता येत नाही, तसेच कातडी पाहून चरबी ओळखता येत नाही.

मग बाबांच्या वडिलांना ती कशी पचली? ते दिवसभर जंगलात राबत, मैलोन्‌मैल चालत. मांस अधूनमधूनच मिळे. शिवाय हृदयविकाराचा कल माणसागणिक वेगळा असतो. वडिलांना बाधले नाही ते मुलाला बाधणार नाही, याची हमी आनुवंशिकता देत नाही. स्टेंट बसलेल्या माणसाने आपल्या धमन्यांचा विचार करावा, वडिलांच्या नव्हे.

डुकराच्या 100 ग्रॅम शुद्ध चरबीत सुमारे 40 ग्रॅम संपृक्त मेदाम्ले असतात. साजूक तुपात ती याहून अधिक, म्हणून "डुक्कर वर्ज्य, तूप चालेल" हा नियमही चुकीचा. उलट चरबी काढलेले मांडीचे मांस उत्तम प्रथिने देते. उतारवयात स्नायू झिजतात. मूत्रपिंड ठीक असेल तर दर किलो वजनामागे रोज किमान 1 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सारे काही बंद करून म्हातारे माणूस वाळवणे म्हणजे पथ्य नव्हे.

म्हणून घरच्यांना माझे सांगणे असे.

मांस घेताना जात विचारू नका, तुकडा पाहा. मांडीचा भाग घ्या, पोटाकडचा टाळा. कातडी आणि पांढरा थर शिजवण्यापूर्वीच काढा.

रस्सा थंड होऊ द्या. वर गोठलेला तवंग काढून टाका आणि मग पुन्हा उकळा. वरून तेल घालू नका, मीठही बेताचे ठेवा.

हृदयरोग्याला बोटे सोडून तळहाताएवढा वाटा, तोही पंधरवड्यातून एकदा पुरे. एरवी डाळी, अंडी, मासे द्या. "आज पथ्याचे खाल्ले" म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी चुकवू नका.

आतपर्यंत पूर्ण शिजवा. मांसात तांदळाएवढ्या पांढऱ्या पाणीदार गाठी दिसल्या तर ते टाकून द्या. ती पट्टकृमीची पिल्ले असतात. फेपरे आणणारा मेंदूतील कृमीविकार मात्र या कृमीच्या अंड्यांनी दूषित हात, पाणी आणि भाजी यांतून होतो. म्हणून शौचालयाचा वापर आणि हात धुणे ही डुक्कर न खाणाऱ्या घरासाठीही तितकीच आवश्यक बाब आहे.

कोणी "रानडुकराचे मांस हृदयाला चांगले" म्हणून आणून दिले तर नम्रपणे नाकारा. विनापरवाना शिकार हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

तीन महिन्यांनी बाबा पुन्हा आले. वजन 2 किलोंनी वाढले होते, रक्तदाब ताब्यात होता. सुनेने गावच्याच काळ्या डुकराचे मांस आणले होते, स्वतःच्या हाताने चरबी काढून. "चव आहे," बाबा म्हणाले, "पण वाटा थोडा लहान आहे." सून हसली. त्या घरातले भांडण आता केवळ वाट्याच्या आकारापुरते उरले होते आणि तेवढे भांडण प्रकृतीला मानवते.