प्रभुशब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून



नागपूरचा उन्हाळा सुरू झाला की आपल्या चर्चमध्ये पंखे आणि कूलर अखंड चालतात. त्यातच स्पीकरमधून सतत ‘सूं’ असा आवाज येत असेल, तर मागच्या बाकांवरील वृद्ध भाविकांना शास्त्रपाठाचे निम्मे शब्दही कळत नाहीत. ते तक्रार करीत नाहीत. मुकाट्याने बसून राहतात. श्रद्धा ऐकण्यातून उपजते, असे संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात शिकवतात. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेतील ३११ वा परिच्छेदही आधुनिक साधनांच्या साहाय्याने भाविकांना सहज ऐकू येईल याची काळजी घेण्यास सांगतो. म्हणून या विषयाचा आपण थोडा विचार करू.

ऐकू येत नाही म्हटले की आपण अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवतो. दोष मात्र बहुधा आधीच्या टप्प्यावर असतो. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतसंकेत अवघा काही सहस्रांश व्होल्ट असतो. मिक्सरवरील ‘गेन’चे बटण त्याला प्रथम बळ देते. पुढील प्रत्येक यंत्र आपली थोडी खरखर त्यात मिसळते. गव्हात मूठभर खडे ठरलेलेच आहेत असे समजा. गहू पोतेभर असेल तर खडे जाणवत नाहीत. पसाभर असेल तर घासागणिक दाताखाली येतात. गेन कमी ठेवून शेवटी अ‍ॅम्प्लिफायर वाढवला, तर शब्दांबरोबर खरखरही तितकीच वाढते. उलट गेन अति झाला, तर आवाज फाटतो आणि तो पुढे कोठेही दुरुस्त होत नाही.

योग्य क्रम असा आहे. प्रथम अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण कमी करावा. वाचकाने मायक्रोफोनपासून सुमारे एक वीत अंतरावर उभे राहून, मिस्सेत वाचतो त्याच आवाजात उतारा वाचावा. मिक्सरवर त्या चॅनेलचे ‘पीएफएल’ बटण दाबून गेन हळूहळू वाढवावा. मीटरचा काटा वा दिवे शून्याच्या आसपास खेळावेत. मोठ्या उच्चारालाही लाल दिवा लागू नये. मग चॅनेलची व मुख्य सरकपट्टी शून्याच्या खुणेवर आणावी आणि अखेरीस, शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येईल इतकाच अ‍ॅम्प्लिफायर वाढवावा.

पंखे व कूलर यांचा आवाज गेनने कमी होत नाही. त्यासाठी वाचकाने जवळ यावे लागते. तोंड व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले की वाचकाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंख्याचा तेवढाच राहतो. वापरात नसलेले मायक्रोफोन बंद ठेवावेत. उघड्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली की पार्श्वभूमीचा गोंगाट सुमारे ३ डेसिबलने वाढतो आणि शिट्टी वाजण्याचा धोकाही वाढतो. एकसुरी घुमणारा ‘हूं’ आवाज मात्र बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. तेथे केबल व अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.

ही जुळणी शनिवारी सायंकाळी, पंखे सुरू ठेवून करावी आणि गेनच्या बटणाजवळ खूण करून ठेवावी. रविवारी मग केवळ सरकपट्टीला हात लावावा लागेल. ध्वनियंत्रणा सांभाळणारे आपले तरुण स्वयंसेवक कोणाच्या नजरेत येत नाहीत. शेवटच्या बाकावरील आजीला शुभवर्तमान पूर्ण ऐकू आले, तर त्यांची ती सेवा सार्थकी लागली असे आम्ही मानतो.