सायकलने भंडारदऱ्याची प्रदक्षिणा : दोन दिवस काढा, घाई करू नका

अकोले : पावसाळ्यात शनिवार-रविवारी शेंडीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, हे आपण दरवर्षी बघतो. धबधब्याखाली भिजायचं, रील काढायची, गाडीतच काहीतरी खायचं अन् संध्याकाळी घोटीच्या रस्त्याने माघारी. गाडी गावातून जाते, पण गावात थांबत नाही. मागे राहतात प्लास्टिकचे ग्लास अन् वेफर्सच्या पिशव्या.

याच रस्त्यावर हल्ली अधूनमधून सायकलवालेही दिसतात. पाठीला पिशवी, पुढच्या दांडीला मोबाईल. चढ आला की उतरून चालतात, टपरी दिसली की थांबतात. चालून चालून पोटात भूक असते, त्यामुळे भाकरी मागून खातात. रात्र झाली की निवारा शोधतात. अशी सहल नेमकी कशी करायची, वाटेत काय बघायचं आणि काठावरच्या गावांना त्यातून काय मिळू शकतं, ते पाहू.

कधी निघायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस थांबलेला असतो, तलाव भरलेला असतो, खाचरांत भात पिवळं पडलेलं असतं अन् सकाळी हवेत गारवा असतो. भर पावसाळ्यात सायकल नकोच. घाटघरला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, रस्त्यावर दगड-माती येते. एप्रिल-मे महिन्यात दुपारचं ऊन चढावर जीव काढतं.

या महिन्यांचं आणखी एक महत्त्व आहे. भात निघालं की काठावरच्या अनेक घरांतली माणसं मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावकडे जातात. पर्यटकांची गर्दी मात्र पावसाळ्यात अन् काजव्यांच्या दिवसांत. म्हणजे हाताला काम नसतं तेव्हा पाहुणाही नसतो. सायकलचा हंगाम बरोबर याच रिकाम्या महिन्यांत येतो. म्हणून या सहलीकडे निव्वळ हौस म्हणून बघू नये.

रस्ता कसा आहे?

तलावाभोवतीचा फेरा साधारण ४० ते ४५ किलोमीटरचा आहे. शेंडीहून निघून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. तिथून साम्रद, घाटघर. मग दुसऱ्या काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. गाडीने हे अर्ध्या दिवसात उरकतं. सायकलने दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी शेंडी ते रतनवाडी, सुमारे २० किलोमीटर. मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी उरलेलं.

गियरची महागडी सायकल पाहिजेच असं नाही. घरच्या पडवीत उभी असलेली साधी सायकलही चालते, फक्त चढाला उतरून ढकलावी लागेल. त्यात लाज कसली! मात्र ब्रेक पक्के हवेत. उतारावर वळणं आहेत, समोरून जीप येते, रस्त्यात गुरं बसलेली असतात.

वाटेत काय बघाल?

पहिलं धरण. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं अन् १९२६ मध्ये पुरं झालं. त्या वेळचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. उंची सुमारे २७० फूट, साठा ११ टीएमसी. हे पाणी खाली निळवंडे धरणात जातं अन् पुढे कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला मिळतं. धरणातून पाणी सोडलं की पायथ्याच्या कातळावरून ते छत्रीसारखं पसरतं, तोच अंब्रेला धबधबा. पाणी सोडलेलं नसेल तर तिथे नुसता काळा दगड दिसतो. तेव्हा आधी चौकशी करा.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर या सहलीचं खरं ठिकाण. झंझ नावाच्या शिलाहार राजाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली, त्यातलं हे प्रवरेच्या उगमाजवळचं, असं मानलं जातं. म्हणजे मंदिर हजार वर्षांहून जुनं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं अन् पिंड पाण्याखाली जाते. जवळच दगडी बांधणीची पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. मुक्काम रतनवाडीत केला तर सकाळी गाड्या यायच्या आत मंदिरात जाता येतं. कोवळं ऊन तिरपं पडलं की भिंतीवरचं कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारा वाजता आलेल्याला ते दिसत नाही. दगडावर खडूने किंवा खिळ्याने नावं लिहू नका, कोरीवकामावर पाय देऊन फोटो काढू नका.

मंदिरामागे रतनगड. माथ्यावरच्या कड्यातलं आरपार भोक, म्हणजे नेढं, खालूनही दिसतं. गड चढायचा असेल तर एक दिवस वाढवा.

साम्रदला सांदण दरी आहे, काळ्या कातळात पडलेली खोल, अरुंद भेग. तिथे गावातला वाटाड्या घेऊनच उतरा. पुढे घाटघरला सह्याद्री एकदम तुटतो अन् खाली कोकण दिसतं. इथेच २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या चोंढे धरणातलं पाणी वर चढवायचं अन् मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असं त्याचं काम चालतं. शाळकरी पोरं बरोबर असतील तर त्यांना हे नक्की समजावून सांगा.

परतीच्या वाटेवर कळसूबाईचं शिखर नजरेत येतं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. हा सगळा डोंगर-मुलूख महादेव कोळी समाजाचा. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले अन् १८४८ मध्ये ठाण्यात फासावर गेले. वाटेत कुणी म्हातारा माणूस भेटला तर त्याला राघोजींचं विचारा. दोन गोष्टी जास्तच कळतील.

बरोबर काय घ्याल?

पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, हवेचा पंप, पाना. पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे, गरम कपडे, टॉर्च. तलावाच्या वरच्या अंगाला मोबाईलची रेंज सारखी जाते-येते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. रोख पैसे अन् सुट्टे जवळ असू द्या, रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत. मोठा दवाखाना राजूर किंवा अकोल्यालाच आहे. अपघात झाला तर १०८ ला फोन करा, रेंज असेल अशा जागी एकाला पाठवा.

तलावात पोहायला उतरू नका. काठ शांत दिसतो, पण दोन पावलांवर खोल होतो अन् गाळात पाय रुततो.

अभयारण्याचे नियम

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून पावती घ्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. जंगलात जाळ करायचा नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत.

मेअखेर ते जूनमध्ये काजवे बघायला यायचं असेल तर सायकल मुक्कामी ठेवून पायी फिरा. काजव्याचा नर चमकून मादीला खूण करतो. गाडीचे दिवे अन् मोबाईलचा फ्लॅश यांनी ती खूण हरवते, जोड्या जमत नाहीत अन् पुढच्या वर्षी काजवे कमी होतात.

काठावरच्या गावकऱ्यांसाठी

सायकलवाल्या पाहुण्याला हॉटेल नको असतं. झोपायला कोरडी, स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, अंघोळीला गरम पाणी, मोबाईल चार्जिंगची सोय अन् रात्री सायकल आत ठेवायला जागा एवढं पुरतं. घरात हवेचा पंप अन् पंक्चरचं सामान ठेवलंत तर तो पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येईल.

जेवणात पनीर, नूडल्स करायच्या भानगडीत पडू नका. नागलीची भाकरी, पिठलं, हुलग्याचं कालवण, ठेचा, आपल्या खाचरातल्या तांदळाचा भात हेच त्याला हवं असतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच मातीतलं धान्य आपल्या चुलीवर शिजतं, हे पाहुण्याला सांगायला हरकत नाही. पाहुणा निघताना दोन किलो तांदूळही विकत नेतो.

दर आधीच सांगा अन् भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत घराची नोंदणी करता येते, तिची चौकशी करा. गावात पाच-सहा घरं तयार असतील तर पाहुणे आळीपाळीने वाटून घ्या. एकाच घरी सगळे गेले तर बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही, अन् मग गावात धुसफूस सुरू होते.

सायकलवाल्यांनी पण एक करावं. शहरातून सगळी पाकिटं भरून आणू नका. चहा मुतखेलला प्या, जेवण रतनवाडीला करा, दुसऱ्या दिवशीची न्याहारी साम्रदला अन् शेवटचा चहा मुरशेतला. चार गावांत चार चुली पेटतील, अन् दिवाळीनंतर मजुरीला निघालेल्या एखाद्या घरातलं माणूस कदाचित गावातच थांबेल.