लांबचा रस्ता, लवकरचा मुक्काम

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानाने १६ ऑक्टोबर २०१६ रोजी नेहमीची वाट सोडली. तोवर ते पश्चिमेकडे, अटलांटिक ओलांडून जात असे. त्या दिवशी ते पूर्वेला वळले आणि पॅसिफिकवरून गेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढून १५,३०० किलोमीटर झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचले.

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर ‘जेट स्ट्रीम’ नावाचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि ताशी दोनशे किलोमीटरचा वेगही ते सहज ओलांडतात. आसपासच्या हवेतून ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला पाठीमागून असा वारा मिळाला, तर जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग अकराशेवर जातो. समोरून मिळाला, तर सातशेवर येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘किआरा’ वादळाच्या वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोहोचले. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. मुंबईहून लंडनला जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी लागतो, तोही याच वाऱ्यामुळे.

मग दोन विमानतळांमधले ‘खरे’ अंतर कोणते? पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो चीन, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून जातो. ही सर्वांत जवळची वाट सुमारे १२,४०० किलोमीटरची आहे. सपाट नकाशात मात्र ती विनाकारण उत्तरेला वाकल्यासारखी दिसते.

पण ही वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकी-टोकियो हा फिनएअरचा साधारण नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला निघालेल्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले.

त्यात घड्याळाचा गुंता वेगळाच. २०१६ च्या त्या विमानाने रविवारी पहाटे चारच्या सुमारास दिल्ली सोडली. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच शनिवार लागला आणि रविवारीच सकाळी सहा-साडेसहाला विमान सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी केली, तर प्रवास जेमतेम अडीच तासांचा भरेल. दोन्ही ठिकाणच्या वेळेतला त्या दिवसांतला साडेबारा तासांचा फरक त्यात मिळवल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

परतीला विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून निघाले. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीची अख्खी प्रदक्षिणा झाली आणि वारा दोन्ही वेळा पाठीशी राहिला.